गोधडीच्या कोपऱ्यातली खूण

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. राहायला कुसगावात. मागे चार वर्षं असं चाललं होतं की आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटली की मी घरी न जाता लोकल धरून मळवलीला उतरायचे. आमचं गाव तिथलंच. माझी आई तिथे एका बंगल्याची देखभाल करायची, आणि त्या बंगल्याच्या मालकीणबाईंनी मला एक काम दिलं होतं. त्या कामात मी एकदा खोटं बोलले. खोटं अगदी लहान होतं आणि कोणाचं वाईट व्हावं म्हणून मी ते बोलले नव्हते. तरी त्याचं पुढे जे झालं ते मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही.

बंगला स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, भातखाचरांच्या पलीकडे. बाई आधी फक्त शनिवार-रविवारी यायच्या. यजमान वारल्यावर त्या कायमच्याच तिथे येऊन राहिल्या. त्यांनी जन्मभर देशोदेशीची कापडं गोळा केली होती. विकत घेतलेली, कुणी भेट दिलेली, काही तर अक्षरशः कुणाच्या अंगावरून मागून आणलेली. चार मोठ्या पेट्या भरून होती. मावळातल्या ओलीनं श्रावणापर्यंत त्या पेट्यांना वास सुटायचा, आणि आई दरवर्षी पाऊस उघडला की सगळं बाहेर काढून मागच्या अंगणात वाळत घालायची. पेरूपासून आंब्यापर्यंत दोरी. तिच्यावर पंजाबची फुलकारी, तिच्या शेजारी लमाणी बायकांचा आरशांचा घागरा, मग बंगालचा कांथा, निलगिरीच्या तोडा लोकांची पांढरी शाल, आणि त्याच दोरीवर शेवटी बाईंचा गाऊन आणि आईचं लुगडं. दर वर्षी एखादं कापड तरी बुरशीनं गेलेलं असायचं. काळे ठिपके पडलेला तो भाग आई बोटानं चाचपायची आणि बाईंना काय सांगावं या विचारात उभी राहायची.

बाईंना या कापडांवरच्या नक्षींची तुलना करायची होती. त्यांचं म्हणणं असं की कापडं आज ना उद्या जाणारच, निदान आकार तरी कागदावर राहावेत. त्यांचा हात कापायचा, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी प्रत्येक नक्षी ग्राफच्या वहीत एकाच मापात काढायची आणि तिच्याखाली ती कुठली, तिला तिथल्या बायका काय म्हणतात, हे त्या सांगतील तसं लिहायचं. कापडावर नसलेल्या, पण त्यांनी प्रवासात पाहिलेल्या नक्ष्या त्यांच्याकडच्या फोटोंवरून उतरवायच्या.

मला ते काम मनापासून आवडायला लागलं. शाळेत मी वर्षानुवर्षं फुलदाणी आणि तेच ते निसर्गचित्र शिकवत होते. इथे एका पानावर आठ पाकळ्यांची एक चांदणी काढली आणि कळलं की हाच आकार तीन ठिकाणी तीन गोष्टी आहे. नॉर्वेतल्या बायका हातमोज्यांवर तो विणतात आणि त्याला गुलाब म्हणतात. लॅटव्हियात तो पहाटेचा तारा. पॅलेस्टाईनच्या बायकांच्या झग्यावर तोच चंद्र होतो. मी बाईंना म्हटलं, "यांची कधी गाठ पडली असेल का?" त्या म्हणाल्या, "तू चित्रकार आहेस, तूच सांग."

मी दोन आठवडे विचार केला. मग सांगितलं की गाठ पडायची गरजच नाही. ज्या बाया धागे मोजून टाका घालतात त्यांना सरळ रेघ आणि तिरपी रेघ एवढंच जमतं. त्यातून चांदणी, पायऱ्यांचा त्रिकोण, फुली, हेच निघणार, मग बाई कुठलीही असो. आणि जिथे धागे न मोजता नुसता धावदोरा घालतात, बंगालच्या कांथ्यात किंवा आपल्या गोधडीत, तिथे टाका वळू शकतो, म्हणून तिथे कमळ येतं, कोयरी येते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं वाक्य जसंच्या तसं स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. शाळेत माझं बोलणं असं कोणी लिहून घेतलं नव्हतं. हे सांगते, कारण पुढे मी जे केलं त्यात या कौतुकाचा वाटा होता.

बाईंना आकारापेक्षा अर्थाची भूक जास्त. फुलकारीत एखादा चौकोन मुद्दाम वेगळ्या रंगाचा सोडतात, दृष्ट लागू नये म्हणून. तोडा लोक तीच भरतकामाची शाल जिवंतपणी पांघरतात आणि मेल्यावर तिच्यातच गुंडाळतात. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या गोधडीला चार कोपऱ्यांत घडी घातलेली फुलं नसली तर त्या म्हणतात, गोधडी उघडी राहिली. असं काही सांगताना बाईंचा चेहरा उजळायचा. माझ्या मनात मात्र दर वेळी यायचं, मग आमचं काय? आमच्या मावळात बायका काय भरतात? काही नाही. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर धावदोरा.

एका थंडीत बाईंना ताप आला. आईनं घरून आपली गोधडी आणून त्यांच्या अंगावर घातली. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि गोधडीचा एक कोपरा त्यांनी डोळ्यांजवळ धरला होता.

"हे काय आहे गं?" त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत, पांढऱ्या दोऱ्याची एक खूण होती. एक उभी रेघ, वर तीन फाटे, पायाशी आडवे तीन ठिपके. करंगळीच्या पेराएवढी. मी जन्मभर त्या गोधडीत झोपले होते आणि ती खूण मी बघूनही बघितली नव्हती.

बाईंनी आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली.

"ही खूण कसली हो?"

"काय न्हाई बाई. उगं आपलं."

"उगाच कसं? तुमच्या सगळ्या गोधड्यांवर असते का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आसती."

"मग तिचा काहीतरी अर्थ असेल. तुमच्या आईनं शिकवली का?"

"चुलीवर दूध हाय," असं म्हणून आई निघून गेली.

इथे आईच्या गोधड्यांबद्दल सांगायला हवं. भात झोडून झालं की उन्हाळाभर आई बंगल्याच्या मागच्या पडवीत गोधड्या शिवायची. गावातून बायका जुनी लुगडी घेऊन यायच्या. बाळंतिणीसाठी, पोरीच्या लग्नासाठी, म्हाताऱ्या सासऱ्यासाठी. आईच्या हातच्या गोधडीचं नाव होतं, टाका बारीक आणि ओळी सरळ. तेव्हा डोंगरावरच्या आदिवासी वाडीतली एक मावशी तिच्याबरोबर असायची. ती पावसात आमच्या खाचरात लावणीला यायची आणि उन्हाळ्यात पाचोळा झाडायला बंगल्यावर. मी लहान असताना दोघी गोधडीच्या दोन बाजूंना बसलेल्या दिसायच्या. ती इथे काय करते, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली होती, "सुईत दोरा ववायला येती. मला दिसत न्हाई." आई तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. मला त्यात काही खटकलं नाही.

बाईंनी त्या खुणेचा पिच्छा सोडला नाही. दर वेळी विचारायच्या. आई दर वेळी काहीतरी कारण काढून आत जायची. शेवटी बाई मला म्हणाल्या, "तुझ्याशी बोलेल ती. तू काढून घे." मी आईच्या घरी गेले तेव्हा तिला विचारलं. ती भांडी घासत होती.

"आई, ती खूण कसली ते सांग ना एकदा. बाईंना वहीत लिहायचंय."

"लिवू नगं म्हनावं."

"अगं, का पण?"

"नगं म्हनलं ना." तिनं पातेलं पालथं घातलं आणि तो विषय तिथेच मिटवला.

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "काय म्हणाली?" वही उघडी होती. एका रांगेत गुलाब, तारा, चंद्र, दृष्टीचा चौकोन, सिद्दी बायकांची फुलं. शेवटच्या चौकटीत मी आईची खूण काढलेली आणि तिच्याखालची ओळ रिकामी. ती रिकामी ओळ मला सहन झाली नाही. मी म्हटलं, "भाताचं रोप आहे ते. लेक सासरी जाताना तिच्या गोधडीत आई हे टाकते. जिथे जाईल तिथे धान्य कमी पडू नये म्हणून."

इतकं सहज तोंडातून आलं की मला स्वतःलाच ते क्षणभर खरं वाटलं. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "किती सुंदर." मग त्यांनी ते स्वतःच्या हातानं, थरथरत्या अक्षरात, माझ्या वहीत लिहिलं.

वर्षभरानं पुण्यात त्या कापडांचं प्रदर्शन भरलं. बाईंनी आईची गोधडी मागून घेतली होती. आई नको म्हणत होती, पण बाईंना सरळ नाही म्हणायची तिला सवय नव्हती. मी मात्र हौसेनं आईला नवी नऊवारी नेसवून घेऊन गेले. गोधडी भिंतीवर उंच टांगलेली, वरून दिवा सोडलेला. तिच्याखाली पाटी. पाटीवर आईचं नाव, गावाचं नाव, आणि मग भाताच्या रोपाची ती गोष्ट, मी सांगितली होती त्याहून दोन वाक्यं वाढलेली.

आईला वाचता येत नव्हतं. शेजारी कॉलेजातल्या दोन मुली उभ्या होत्या, त्यातल्या एकीनं पाटी मोठ्यानं वाचली. आई ऐकत होती. तिनं पदर तोंडावर धरला. मला वाटलं, भरून आलं.

"हे कुनी सांगितलं?" तिनं हळू विचारलं.

"मीच. बाईंना."

तिनं गोधडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे हितनं काढता येतंय का?"

"काढायचं कशाला? किती छान दिसतंय. तुझं नाव आहे वर."

"त्येच तर," ती म्हणाली.

मी त्याला तिचा भिडस्तपणा समजले. परतीच्या लोकलमध्ये ती खिडकीशी बसून बाहेर बघत होती. त्या उन्हाळ्यात गावातून बायका लुगडी घेऊन आल्या तेव्हा आईनं सगळ्यांना परत पाठवलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणाली. मीही तेच धरून चालले. तिला लोणावळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी चष्मा दिला. तो तिनं एकदाही लावला नाही.

दोन वर्षांनी ती आजारी पडली. पोटात दुखायचं, खाल्लेलं राहायचं नाही. तळेगावच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हाच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "वाडीवर जाऊन येशील का एकदा?"

"कशाला?"

"तिला सांग, मी काय बोलले न्हाई म्हनून."

"कोणाला? काय बोलली नाहीस?"

तिला धाप लागली होती. मी म्हटलं, पडून राहा, परीक्षा संपल्या की जाते. खरंच जायचं माझ्या मनात होतं. पण पेपर तपासायचे होते, दवाखान्याच्या फेऱ्या होत्या, आणि वाडीपर्यंत चढायला दीड तास लागतो. आई त्याच आठवड्यात गेली.

घरी आल्यावर चुलत्यांनी तिचं अंथरूण-पांघरूण गोळा करून नदीकडे नेऊन टाकलं. आमच्यात तशी रीत आहे. त्यात तीन गोधड्या होत्या. मला सुचलं असतं तर एक तरी ठेवून घेतली असती. त्या दिवशी काहीच सुचत नव्हतं.

तेराव्यानंतर मी आईची दोन लुगडी पिशवीत घालून वाडीवर गेले. वाट ओढ्याच्या कडेनं वर जाते. मावशीचं घर शेवटचं, कुडाच्या भिंती, वर पत्रा, पत्र्यावर निळा प्लास्टिकचा कागद. ती दारात पाय पसरून बसली होती. फार वाळली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पुरा पिकलेला. माझ्या आवाजावरून तिनं मला ओळखलं. आई गेल्याचं तिला कळलं होतं. "येनार हुते," ती म्हणाली, "पन पाय चालत न्हाईत."

मी लुगडी पुढे केली. ती घ्यायला तिनं हात लांब केला आणि मनगटाच्या वर मला ती खूण दिसली. उभी रेघ, वर तीन फाटे, खाली तीन ठिपके. गोंदण जुनं होऊन हिरवट झालेलं, कातडीबरोबर सुरकुतलेलं. मी तो आकार वहीत काढला होता, प्रदर्शनासाठी मोठा करून काढला होता, फळ्यावर मुलांना काढून दाखवला होता. आणि हा हात मी लहानपणापासून पाहत आले होते. याच हातानं तिनं मला खाचरातून उचलून बांधावर ठेवलेलं मला आठवतं.

"मावशी, हे..." मी तिच्या हाताला बोट लावलं.

"गोंदान हाय."

"गोधडीवर हेच असायचं."

"व्हय. मीच घालायची."

मी खाली बसले. ती सावकाश बोलत होती, मधेच थांबून लुगड्याचा पोत बोटांनी बघत होती.

"तुझ्या आईचा टाका मोठा. तिला येकजागी बसवायचं न्हाई. ती थर अंथरायची, कडंनं दोरा मारून द्यायची. आतलं समदं माझं. कडंपासनं सुरू करायचं आन फिरत फिरत मधी यायचं."

"मग सगळे आईचं नाव का घ्यायचे?"

"गावात कोन घेनार माझ्या हातची? बाळंतिनीच्या अंगावर घालायची चीज ती." हे ती रागानं बोलली नाही. पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. "तुझी आई मला म्हनली, तुझं नाव मला कुटं घेता येत न्हाई गं. लय वाईट वाटायचं तिला. मी म्हनलं, मग कोपऱ्यात येवढं घालते. कुनाला कळतंय? ती म्हनली, घाल. माझा वाटा तिनं कधी कमी दिला न्हाई. तसं काय न्हाई."

तरीही मी तिला तेच विचारलं जे बाईंनी आईला विचारलं होतं. सवय वाईट असते. "पण त्याचा अर्थ काय, मावशी? झाड आहे की पाखराचा पाय?"

"आर्थ?" ती जरा गोंधळली. "माझ्या आईच्या हातावर हुतं. म्हनून माझ्या हातावर घातलं."

मग मी तिला सगळं सांगितलं. वही, पाटी, आईचं नाव, भाताचं रोप, सासरी जाणारी लेक, आणि आईनं ठेवलेला निरोप, की ती काही बोलली नव्हती. ती ऐकत राहिली.

"भाताचं रोप?" तिनं शेवटी विचारलं.

"हो. मीच बनवून सांगितलं."

"आमची कुटं शेती हुती पोरी," ती म्हणाली. "आमी तुमच्याच खाचरात वाकायचो."

मी म्हटलं, गोधडी ज्यांच्याकडे आहे त्यांना मी लिहिते, आईचं नाव काढून तुझं घालायला सांगते, तुझ्या हाताचं छायाचित्र देते. तिनं माझं मनगट धरलं. त्या हाताची पकड अजून घट्ट होती.

"नगं. गावात त्या बाया हायेत अजून. त्यांची पोरं त्या गोधड्यांवर मोठी झाली. त्यास्नी वाटंल, फशिवलं. मेलेल्या बाईला बोल लागंल. माझा ल्योक पन तितंच कामाला जातो, फारमहाऊसवर. माझं नाव नगं."

"मग मी काय करू?"

"ते भाताचं तेवढं काढ."

तोपर्यंत बाई मळवली सोडून गेल्या होत्या. विसरायला लागल्या म्हणून मुलानं त्यांना मुंबईला नेलं होतं. बंगला विकला गेला. तिथे आता शनिवार-रविवारी भाड्यानं माणसं येतात. मागच्या अंगणात आंबा आणि पेरू होते तिथे पोहण्याचा हौद आहे. कापडं आणि वह्यांच्या प्रती मुलानं एका संस्थेला देऊन टाकल्या, गोधडीसकट. संस्थेला लिहायच्या आधी बाईंना सांगावं, म्हणून मी फोन केला. मुलानं फोन त्यांच्या कानाला लावला. मी कोण ते त्यांना कळेना. चित्रकलेची बाई म्हटलं, मळवली म्हटलं, आईचं नाव घेतलं. काही नाही. मग मी म्हटलं, "बाई, ती गोधडी, कोपऱ्यातली खूण."

मग त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा स्वच्छ आला. "भाताचं रोप ना? लेकीला धान्य कमी पडू नये म्हणून."

मी "हो" म्हटलं. दुसरं काही म्हणवलं नाही. त्या पुन्हा एकदा तेच वाक्य म्हणाल्या आणि मुलानं फोन घेतला. त्याला बरं वाटलं होतं. कितीतरी दिवसांनी आईला काहीतरी आठवलं, असं तो म्हणाला.

संस्थेला मी पत्र लिहिलं. खुणेबद्दलची माहिती मीच दिली होती, ती चुकीची आहे, कृपया काढून टाकावी. गोधडी कोणी शिवली याबद्दल काही लिहिलं नाही. मावशीनं नको म्हटलं होतं. पण पत्र पेटीत टाकताना मला माहीत होतं की अर्धं खोटं मी तसंच ठेवते आहे. दोन महिन्यांनी उत्तर आलं. बरोबर माहिती काय आहे, असं त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, मला सांगता येत नाही. आणखी काही आठवड्यांनी त्यांनी नव्या पाटीचा फोटो पाठवला. आईचं नाव तसंच. त्याखाली, कोपऱ्यातील चिन्हाचा अर्थ अज्ञात.

तो फोटो घेऊन मी मार्गशीर्षात पुन्हा वाडीवर गेले. मावशी उन्हात बसली होती. तिला आता दुसऱ्या डोळ्यानंही फारसं दिसत नव्हतं, म्हणून मी सांगितलं की भाताचं काढलं.

"मग आता काय लिवलंय?"

"माहीत नाही, असं लिहिलंय."

"बरं झालं," ती म्हणाली. तिची सून चहा घेऊन आली. आम्ही प्यायलो. खालच्या खाचरांत कापणी होऊन गेली होती, नुसते धसकटांचे पट्टे दिसत होते, आणि त्यापलीकडे एक्सप्रेस-वेवरच्या गाड्या. वहीत पुढे काय काय काढलं, असं तिनं विचारलं नाही. मी त्यानंतर वहीला हात लावलेला नाही, हेही मी तिला सांगितलं नाही.

निघताना तिनं मला थांबवलं.

"तुझी आई गेली तवा तिच्या अंगावर काय हुतं?"

गोधडी आजारी माणसाला जड होते म्हणून दवाखान्यात नेताना मी ती घरीच ठेवली होती. आईनं दोनदा मागितली होती. मी म्हटलं होतं, इथे चालत नाही.

गोधडी होती, असं ओठांवर आलं होतं. मग म्हटलं, "चादर होती, मावशी. दवाखान्यातली."

तिनं मान हलवली. सुनेला हाक मारून म्हणाली, ऊन सरकलं, मला जरा तिकडं घे. आम्ही दोघींनी तिला काखेत हात घालून उचललं आणि भिंतीशी जिथे अजून ऊन होतं तिथे बसवलं.